थंडीत दूध उतरलं? ढेप वाढवण्याआधी हाळातलं पाणी बघा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, त्या सुमारास आपल्याकडे थंडी अंगात शिरायला लागते. धुळ्याचा पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत दिसतो, सातपुड्यात डाब-तोरणमाळच्या भागात गवतावरचं दव गोठतं, आणि तापीकाठच्या गोठ्यांतून दर हिवाळ्याची तक्रार सुरू होते: दूध उतरलं. १२ लिटरची गाय ९ वर येते, ६ लिटरची म्हैस ४ वर. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, ढेप वाढवायची. सरकी ढेपेचं आणखी एक पोतं गोठ्यात येतं, दूध पाव-अर्धा लिटर सरकतं, आणि पोत्याचे पैसे काही निघत नाहीत.

आम्ही चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी घरच्या गाई-म्हशी सांभाळतो. घरातले सगळेच गोठ्यात राबतात, त्यामुळे ही तक्रार आमच्या जेवणाच्या ताटाशीसुद्धा चालते. इतक्या हिवाळ्यांनंतर माझं मत पक्कं झालंय. खान्देशातली थंडी मोठ्या जनावराचं दूध सहसा थेट तोडत नाही. थंडीत जनावर पाणी कमी पितं, आणि दूध तिथे तुटतं. हे कसं ओळखायचं आणि कसं दुरुस्त करायचं, ते खाली सविस्तर लिहितो. पण पाण्यावर येण्याआधी दोन गोष्टी तपासून बाजूला ठेवायला हव्यात.

व्यायल्याची तारीख काढा

कॅलेंडरवर किंवा वहीत जनावर कधी व्यायलं ते बघा. आपल्याकडे बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि त्याच्या मागेपुढे वितात, गाईही पुष्कळ. व्यायल्यावर साधारण दीड ते दोन महिन्यांनी दूध सर्वांत वर जातं, आणि तिथून दर महिन्याला साधारण ७ ते १० टक्के उतरत जातं. श्रावणात व्यायलेली गाय पौषात उतारालाच असणार. हा उतार हळूहळू असतो. आठवड्याला थोडं थोडं दूध कमी होतंय, जनावर खातंय, रवंथ करतंय, तर दोष थंडीचा नाही आणि ढेपेचाही नाही.

चार-सहा दिवसांत एकदम दोन-तीन लिटर पडलं, आणि तेही दावणीवरच्या एकाच नव्हे तर सगळ्या जनावरांचं पडलं, तर मात्र पुढचं वाचा. सगळ्यांचं एकदम उतरतं तेव्हा कारण सगळ्यांना सारखं लागू असलेलं असतं: पाणी, वैरण किंवा गोठा. एकट्याचंच उतरलं असेल तर आधी त्या जनावराचा ताप आणि कास तपासा. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

थंडी गाईला किती सोसते

जळगावच्या मे महिन्यात पारा ४३-४४ च्या पुढे जातो, तेव्हा संकरित गाय तोंड उघडून धापा टाकते आणि दूध खरंच तुटतं. त्या गाईला १० ते २० अंशांची हवा उलट मानवते. अंग कोरडं असेल, पोट भरलेलं असेल आणि वारा थेट लागत नसेल, तर ८-१० अंशांच्या रात्रीचं तिला काही वाटत नाही. म्हशीचं थोडं वेगळं. अंगावर केस विरळ, त्यामुळे ती गाईपेक्षा लवकर काकडते. म्हणून म्हशीला थंडीत सकाळी धुवायचं नाही. धुवायचंच तर दुपारी बाराच्या पुढे, उन्हात, आणि दिवस कलायच्या आत अंग वाळलं पाहिजे.

पाणी: मूळ इथे आहे

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बांधावर हिरवं असतं. गाय दिवसाला ३० किलो हिरवा चारा खात असेल तर त्यातूनच तिच्या पोटात २० लिटरच्या वर पाणी जातं, कारण हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. मार्गशीर्ष लागेपर्यंत बांध सुकतात. मग गव्हाणीत ज्वारी-मक्याचा कडबा येतो, सोयाबीनचं कुटार येतं. त्यात पाणी जेमतेम १० टक्के. म्हणजे चाऱ्यातून मिळणारं २० लिटर पाणी बंद झालं, ते आता तोंडाने प्यायला हवं. नेमक्या त्याच दिवसांत हाळातलं, म्हणजे गुरांना पाजायच्या टाक्यातलं, पाणी बर्फासारखं होतं, आणि जनावर चार घोट घेऊन तोंड वर करतं.

हिशेब सरळ आहे. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं, म्हशीच्या दुधात ८३ च्या आसपास. एक किलो कोरडी वैरण पचवायला साडेतीन-चार लिटर पाणी लागतं. १०-१२ लिटर दूध देणारी गाय कडब्यावर असेल तर तिला थंडीतही दिवसाला ५० ते ६० लिटर पाणी हवं. ते ३५ वर आलं की ती आधी वैरण सोडते, मग दूध सोडते. ढेप कितीही घाला, पाण्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

खूण हवी असेल तर शेणाकडे बघा. शेण घट्ट, थरावर थर रचल्यासारखं पडतंय, गोवऱ्या थापायलाही वरून पाणी घालावं लागतंय, तर पाणी कमी पडतंय हे नक्की. गोमूत्र गडद पिवळं, गव्हाणीत सकाळी कडबा उरलेला, नाकपुडी कोरडी. यातल्या दोन खुणा जुळल्या तरी पुरे.

आता मोजणी. हाळावर सोडलेलं जनावर किती प्यायलं ते कळत नाही, म्हणून चार दिवस बादलीनेच पाजा. १५ लिटरची बादली, सकाळी धार काढल्यावर, दुपारी, आणि संध्याकाळी धारेनंतर. पहिल्या दिवशी नेहमीचंच हाळातलं पाणी द्या आणि किती प्यायलं ते भिंतीवर कोळशाने लिहा. दुसऱ्या दिवसापासून विहिरीतून नुकतंच उपसलेलं पाणी द्या. वैरण, ढेप, वेळा काहीही बदलू नका. चौथ्या दिवशी दूध वर सरकलेलं दिसलं तर तुमचं उत्तर मिळालं, आणि ढेपेचं पोतं वाचलं.

विहिरीचंच पाणी का? कारण ते गरम असतं. विहिरीचं आणि बोअरचं पाणी कडाक्याच्या थंडीतही २५ अंशांच्या आसपास राहतं. पहाटे मोटर सुरू केली की पाइपातून वाफा निघताना आपण सगळ्यांनी बघितलंय. तेच पाणी रात्रभर उघड्या सिमेंटच्या हाळात किंवा छतावरच्या प्लास्टिकच्या टाकीत राहिलं की सकाळी १०-१२ अंशांवर आलेलं असतं. आमची माय अजूनही गुरं सोडायच्या आधी हाळात हात घालते, आणि "पानी बरफ शे" म्हणाली की आधी हाळ रिकामा होतो, मग गुरं सुटतात. थर्मामीटरची गरज नाही. कोपरापर्यंत हात अर्धा मिनिट ठेवावासा वाटत नसेल, तर गायही ते पोटभर पिणार नाही. तिच्या मोठ्या पोटातले जिवाणू ३९ अंशांच्या आसपास काम करतात. एकदम थंड पाणी गेलं की ते पोट काही वेळ गारठतं आणि पचन मंदावतं, हा वेगळाच तोटा.

तर उपाय: रात्री हाळ रिकामा ठेवायचा आणि सकाळी ताजं पाणी भरायचं. ऐकायला सोपं आहे, पण अडतं लाइटवर. शेतीच्या थ्री फेजचा रात्रीचा आठवडा असला की दिवसा मोटर चालत नाही आणि गुरांच्या वेळेला विहिरीचं पाणी मिळत नाही. यावर आमच्या भागात लोकांनी काढलेले मार्ग सांगतो, तुमच्या सोयीचा तो घ्या.

घरच्या सिंगल फेजवर चालणारी अर्ध्या एचपीची मोटर गोठ्याजवळच्या बोअरला किंवा आडाला बसवली तर प्रश्नच मिटतो. खर्च आहे, पण दोन-तीन दुभती जनावरं असतील तर एका हिवाळ्याची जादा ढेप आणि तुटलेलं दूध धरून तो जड वाटत नाही.

ते शक्य नसेल तर रात्रीची लाइट जायच्या आधीच्या तासात टाकी भरा, संध्याकाळी भरून ठेवू नका. टाकी गोठ्याच्या छपराखाली घ्या आणि तिला बारदानाचे दोन-तीन थर गुंडाळून वरून ताडपत्री बांधा. बारदान ओलं झालं तर उलटं काम करतं, म्हणून ताडपत्री हवीच. हाळावर रात्री लाकडी फळ्या किंवा जुना पत्रा टाकला तरी उघड्या आभाळाखाली पाणी जितकं गारठतं तितकं गारठत नाही.

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीला ठिबक चालूच असतं. मेन लाइनला एक टी आणि कॉक टाकून पाइप हाळापर्यंत आणला की केळीबरोबर गुरांचंही होतं. इथे मात्र जीवावरची गोष्ट लक्षात ठेवा. हा टी व्हेंच्युरीच्या (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या भागाच्या) आणि खताच्या टाकीच्या आधी, विहिरीच्या बाजूला हवा. पुढे घेतला तर ठिबकमधून सोडलेला युरिया हाळात येतो, आणि युरियाच्या पाण्याने जनावर तासाभरात आडवं होतं. ज्या दिवशी ठिबकमधून खत सोडायचं असेल त्या दिवशी तो कॉक बंदच ठेवायचा, घरातल्या पोरासोरांनाही हे सांगून ठेवायचं.

हाळ धुणं थंडीत हमखास राहून जातं, हात गारठतात म्हणून. हिरवं शेवाळ आणि तळाचा गाळ असलेलं पाणी म्हैस वास घेऊनच सोडते. आठ-दहा दिवसांनी हाळ घासून आतून चुना लावावा.

पाण्याबरोबर मिठाकडे बघा. मोठ्या जनावराला रोज ३० ग्रॅम मीठ आंबोणातून (भिजवलेल्या खुराकातून) गेलं की तहान लागते. खनिज मिश्रण ५० ग्रॅम चालू असेल तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा, काहींमध्ये मीठ असतं. कडब्याची कुट्टी करून त्यावर पाणी शिंपडणं हाही चांगला मार्ग, पण तेव्हाच्या तेव्हा खाऊन होईल एवढीच भिजवा. आंबोणातली ढेप-भरडा कोमट पाण्यात भिजवून दिला तर तीन-चार लिटर पाणी असंच पोटात जातं. सगळ्या दावणीसाठी चुलीवर पाणी तापवत बसायची गरज नाही. ताज्या व्यायलेल्या जनावराला मात्र पहिले दोन-तीन दिवस कोमट पाणी आणि गूळ द्यावाच.

वैरणीची वेळ, आणि थंडीतले तीन धोके

कडबा पचताना पोटात ऊब तयार होते. म्हणून दिवसाच्या वैरणीतला मोठा वाटा रात्री निजायच्या आधी टाका, पहाटेपर्यंत जनावर रवंथ करत उबेत बसतं. आमच्याकडे भरिताच्या पार्ट्यांचे दिवस असतात, लोक शेतात रात्री जागतात. परतताना गव्हाणीत एक फेरी मारली की झालं. कडाका जास्त असेल त्या आठवड्यात मक्याचा भरडा अर्धा किलो वाढवणं ठीक, त्याहून जास्त एकदम नको.

धोक्यांपैकी पहिला सकाळच्या दवाचा घास. लसूणघास ओला, कोवळा आणि रिकाम्या पोटी गेला की पोट फुगतं. आधी कडबा, मग दुपारनंतर सुकवलेला घास. डावी कूस फुगली की घरोघरी नाळीने तेल पाजतात. जनावराची मान वर ताणून पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते, म्हणून डॉक्टर येईपर्यंत तिला पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करा आणि चालती ठेवा. दुसरा धोका कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना आलेल्या कोवळ्या फुटव्यांचा. गुरं मोकळी सोडली की ती तिकडेच धावतात आणि किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. तिसरा उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा. गाळप सुरू झालं की वाढे स्वस्तात मिळतात आणि महिनाभर तेच चालतात. वाढ्यांतलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं आणि दूध उतरतं. वाढे निम्म्याच्या खाली, सोबत कडबा, आणि खनिज मिश्रण न चुकता.

अवकाळीत भिजलेला कडबा किंवा कुटार काळं पडलं असेल, बुरशीचा वास येत असेल, तर ते गोठ्यात आणूच नका. खताच्या खड्ड्यात टाका.

पाणी वाढवलं, दूध वाढत नाही

मग धारेकडे वळा. थंडगार पाण्याने कास धुतली, गारठलेल्या हाताने सड धरला, की जनावर पान्हा चोरतं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने कास पुसा, मग कोरड्या फडक्याने टिपा. पान्हा उतरला की पाच-सात मिनिटांत धार संपवायची, मध्येच चहाला उठायचं नाही. पान्ह्याचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर ऐकू नका. रोज टोचल्यावर पुढे ते जनावर इंजेक्शनाशिवाय पान्हा सोडत नाही.

थंडीच्या वाऱ्याने ओल्या सडांना भेगा पडतात. दुखरा सड हातात घेतला की म्हैस लाथ झाडते, दूध कासेत राहतं आणि पुढे दगडी (कासेचा दाह) होते. धारेनंतर सड कोरडे करून आयोडीन-ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवावेत, भेगा आठवड्यात भरतात.

डेअरीची पावतीही बरंच सांगते. सकाळी थंडी म्हणून धार उशिरा आणि संध्याकाळी अंधार म्हणून लवकर, असं झालं की रात्रीचं अंतर १४ तासांवर जातं. सकाळचं दूध जास्त आणि फॅट कमी लागते, संध्याकाळचं उलट. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो, त्यामुळे सकाळच्या पावतीला मार बसतो. दोन्ही वेळांतलं अंतर शक्य तितकं सारखं करा. फॅट दोन्ही वेळेला कमी असेल तर कडबा कमी पडतोय किंवा भरडा जास्त होतोय. फॅट ठीक आणि एसएनएफ कमी असेल तर खुराकातली ताकद कमी आहे, तिथे भरडा वाढवणं योग्य.

गोठा कोंडू नका. थंडी म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली की रात्रीच्या गोमूत्राचा वास आत साठतो, सकाळी आत शिरताना डोळ्यांना झोंबतो. तोच वास गुरांच्या छातीत जातो. उत्तरेकडून, सातपुड्याकडून येणारा वारा बसलेल्या जनावराच्या उंचीपर्यंत बारदानाने अडवा आणि वरचा भाग उघडा ठेवा. शेकोटीचा धूर आत कोंडला तर तोही तितकाच वाईट. खाली पाचट किंवा केळीची वाळलेली पानं अंथरा आणि ओलं झालेलं रोज काढा. ओल्या फरशीवर रात्र काढलेल्या गाईची कास सकाळी थंडगार लागते, आणि दगडीची सुरुवात तिथूनच होते.

पारडं आणि वासरं

मोठ्यांना थंडी सोसते असं मी लिहिलं, ते यांना लागू नाही. नवजात वासराला १०-१५ अंशांच्या खालीच थंडी बाधायला लागते. अंगावर चरबी नाही, मोठं पोट अजून चालू झालेलं नाही, ऊब आणणार कुठून? जन्मल्याबरोबर कोरड्या बारदानाने चोळून पुसा, नाळेला आयोडीन लावा, आणि दोन तासांच्या आत पोटभर चीक पाजा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक गेला पाहिजे. वार (जार) पडायची वाट बघत चीक थांबवायची पद्धत अजून काही घरांत आहे. त्यात वासराचे सगळ्यात मोलाचे तास जातात. जुन्या गोधडीचं जाकीट पोटाखालून बांधून रात्री घालावं आणि ओलं झालं तर लगेच बदलावं. पारडांना जंताचं औषध १०-१५ दिवसांचं असतानाच लागतं, वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा घ्या.

हे दुधाच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे, कारण पारडू गेलं की बऱ्याच म्हशी पान्हाच सोडत नाहीत. मग पाणी, ढेप, कडबा सगळं नीट असूनही कास भरलेली राहते.

एकाच जनावराचं दूध पडलं असेल तर

पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्या, गाठी किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर दगडी. डोळ्यांना काही दिसत नसेल तरी सुप्त दगडी असू शकते. अर्धा लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे कपडे धुण्याची पावडर विरघळवा, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढंच हे पाणी घाला आणि हलक्या हाताने फिरवा. ज्या वाटीतलं दूध चिकट, शेंबडासारखं झालं, तो सड बाधित. हे दूध लगेच फेकून वाट्या धुवा.

ताप मागून मोजा. १०१.५ फॅरेनहाइटच्या आसपास ठीक, १०३ च्या वर असेल, नाकातून घट्ट स्राव, तोंडाला लाळ किंवा खुरांत जखम असेल, तर घरगुती काहीही करत बसू नका आणि ते जनावर लगेच इतरांपासून वेगळं बांधा. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा घ्यायची असते, हिवाळ्याआधीची चुकली असेल तर तेही सांगा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे, फोन मोफत लागतो. फोन करताना व्यायल्याची तारीख, ताप किती, शेण कसं, पाणी किती बादल्या प्यायलं आणि कोणता सड बाधित, एवढं हाताशी ठेवा, म्हणजे डॉक्टर लागणारी औषधं घेऊनच निघतील.